सुटींतील उमेदवारी

आमच्या आजोबांच्या तरुणपणीं शाळा सोडून कामास लागणारा मुलगा प्रथम कोणाच्या तरी हाताखालीं उमेदवारी करी. पगार नाहीं, ठरलेलें काम नाहीं. जुना कारकून सांगेल तें करावयाचें आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहावयाची. हल्लीं याच गोष्टीस ‘इंटर्नशिप’ म्हणतात. फरक इतकाच कीं, आतां ती शिक्षण चालू असतांनाच करावी लागते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमांत तिला स्थान दिलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर इतर शाखांच्या विद्यार्थ्यांकडेही ती आली. त्यामुळें मे महिना जवळ आला म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न ऐकूं येतो : “कोठें लागली का?”

मी वसईस अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत असतांना बोईसर येथील एका मोठ्या कंपनीच्या कारखान्यांत मला सहा आठवड्यांची जागा मिळाली. कंपनीचें नांव ऐकून घरांत पेढे वांटले गेले. विद्यावेतन मात्र नव्हतें. शेवटीं प्रमाणपत्र मिळेल, एवढेंच पत्रांत लिहिलें होतें. काकांनीं कागद घेऊन हिशेब मांडला : गाडीचा पास, स्टेशनापासून रिक्षा, कारखान्यांत घालावयाचे बूट, दुपारचा चहा. आंकडा कांहीं लहान झाला नाहीं. परंतु आजोबा म्हणाले, “होऊं द्या खर्च. तो शिकायला जातो आहे, कमवायला नाहीं.”

विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजीं सुटली. तेव्हांपासून आमच्या तालुक्याचें तोंड दक्षिणेकडे आहे. मी मात्र रोज पहाटे उलट दिशेस निघत असें. विरारला गाडी बदलून डहाणूची गाडी धरावयाची. ही उपनगरी सेवा २०१३ सालीं सुरू झाली; पण गाड्या थोड्या, एक चुकली म्हणजे सगळा दिवस चुकला. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी अशीं स्टेशनें मागें टाकीत मी बोईसरला उतरें. १९६९ सालीं जवळच तारापूर येथें देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र सुरू झालें. त्याच परिसरांत तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली आणि रसायनें, औषधें, कापड, पोलाद यांचे कारखाने उभे राहिले.

पहिले दोन आठवडे मला कोणी कामच दिलें नाहीं. मोठ्या कारखान्यांत कोणी वाईट वागत नाहीं. कोणाला वेळ नसतो, इतकेंच. सुरक्षिततेचें व्याख्यान झालें, डोक्यावर शिरस्त्राण आलें, गळ्यांत ओळखपत्र आलें, आणि मग एक खुर्ची मिळाली. तिच्यावर बसून मी दुसऱ्यांचे तक्ते नीटनेटके करीत असें. घरीं कोणी विचारलें कीं, “उत्तम चाललें आहे,” असें सांगें.

तिसऱ्या आठवड्यांत मला स्टोअरमध्यें पाठविण्यांत आलें. मांडणीवरील सुटे भाग मोजून संगणकांतील आंकड्याशीं ताडून पाहावयाचे, हें काम. एका फळीवर बेअरिंगांचे ४८ नग असावयास हवे होते. मीं मोजले ते ४१ भरले. पुन्हां मोजले, तरी ४१. गाडीची वेळ होत आली होती. सात नगांनीं एवढ्या मोठ्या कंपनीचें काय बिघडणार, असा विचार करून मीं तक्त्यांत ४८ लिहिले आणि निघालों.

दुसऱ्या दिवशीं स्टोअरचे जुने कर्मचारी, ज्यांना सारे जण काका म्हणत, मला त्याच फळीपाशीं घेऊन गेले. “मोज,” एवढेंच म्हणाले. मीं मोजले. ४१. “मग अठ्ठेचाळीस कोणी लिहिले?” मला मान वर करवेना. आदल्या आठवड्यांत एका पंपाच्या दुरुस्तीसाठीं सात नग नेले होते आणि त्यांची नोंद चढवावयाची राहिली होती. काकांना तें आठवत होतें, म्हणूनच माझा तंतोतंत जुळलेला आंकडा त्यांना खटकला. ते म्हणाले, “रात्रपाळीला पंप बंद पडला, तर माणूस या आंकड्यावर विसंबून फळीपाशीं येतो. बाळा, कागद मालाशीं जुळवायचा असतो. माल कागदाशीं नाहीं.” त्यांनीं साहेबांकडे तक्रार केली नाहीं. चुकीच्या आंकड्यावर एक रेघ मारून, शेजारीं ४१ लिहून, मला सही करावयास लावली.

त्या दिवसापासून माझी खरी उमेदवारी सुरू झाली. कोणता भाग किती उरला म्हणजे मागणी पाठवावयाची, जुना माल आधीं कां काढावयाचा, रबरी पॅकिंग न वापरतां ठेवलें तरी कालांतरानें कां निकामी होतें, हें सारें काकांनीं उभ्या उभ्या शिकविलें.

माझ्याहून हुशार असा माझा एक वर्गमित्र आहे. त्याचीही याच कारखान्यांत निवड झाली होती. त्याचे वडील रिक्षा चालवितात. सहा आठवडे पदरचे पैसे घालून काम करणें त्याला शक्य नव्हतें. त्यानें वसई पूर्वेस वालीव येथील एका लहान वर्कशॉपांत रोजावर काम धरलें. तेथें लेथवर पहिल्याच आठवड्यांत त्याच्या हातून हत्यार मोडलें. मालकानें बोलणीं दिलीं आणि मग हत्याराला धार कशी लावतात तेंही दाखविलें. सुटी संपली तेव्हां त्यानें स्वतः कातलेला दांडा यंत्रांत बसला होता. कॉलेजानें दोघांचे तास सारखेच धरले. पुढें नोकरीसाठीं अर्ज गेले, तेव्हां मुलाखतीचें बोलावणें मात्र प्रथम मला आलें. माझ्या कागदावर मोठें नांव होतें.

१९६१ च्या कायद्यानें शिकाऊ उमेदवारास विद्यावेतन देणें बंधनकारक केलें आहे; पण सुटींतील अशी इंटर्नशिप बहुधा त्या कायद्याच्या कक्षेंत येत नाहीं. ऑक्टोबर २०२४ मध्यें पंतप्रधान इंटर्नशिप योजना प्रायोगिक स्वरूपांत सुरू झाली. तींत मोठ्या कंपन्यांत वर्षभर काम आणि दरमहा ५,००० रुपये, त्यांपैकीं ४,५०० सरकारचे, अशी तरतूद होती. परंतु आरंभीं ती २१ ते २४ वर्षांच्या, पूर्णवेळ शिक्षण न घेणाऱ्या तरुणांसाठींच होती. सुटींतला विद्यार्थी तींत बसत नव्हता.

म्हणून मुलाला किंवा मुलीला अशा जागीं पाठवितांना कंपनीच्या नांवाबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : कोणाच्या हाताखालीं काम करावयाचें, प्रत्यक्ष काय करावयास मिळणार, आणि जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार. कंपन्यांनीं निदान पासाचे पैसे दिले, तरी कित्येक हुशार मुलांना दार उघडेल.

माझें प्रमाणपत्र काकूनें बैठकींत लावलें आहे. मित्राची हकीकत मीं आजोबांना सांगितली, तेव्हां ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “शिकायला जातो आहे, कमवायला नाहीं, असें मी म्हणालों होतों खरा. पण तें आपल्या घरांत बोलतां आलें, त्यांच्या घरांत कसें बोलणार?”