मृतचर्म उद्योग आणि वर्धा : नालवाडी चर्मालयाचा उद्देश व इतिहास

प्रस्तावना :

गुरांबरोबर काम करणाऱ्या माणसाला जगात सर्वत्र चामड्याची गरज भासली आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातील गुराखी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मनगटावर जाड चामड्याचे पट्टे बांधत. उधळलेल्या जनावराच्या गळ्यात फास टाकल्यावर दोराच्या घर्षणाने हात भाजू नये, काटेरी तारांनी मनगट सोलले जाऊ नये आणि सदऱ्याच्या बाह्या फाटू नयेत, हा त्यांचा उद्देश होता. वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याने मनगटपट्टा वापरला नाही. परंतु त्याचे गोधनही चामड्याच्या साधनांशी जोडलेले होते. आर्वी, आष्टी, कारंजा या भागांतील नंदगवळ्यांनी जोपासलेली गवळाऊ जात गाडीच्या वेगवान कामासाठी प्रसिद्ध आहे. बैलाच्या गळ्यातील घुंगूरमाळेचा पट्टा, चाबकाची वादी, विहिरीवरील मोट आणि शेतकऱ्याच्या पायातील वहाणा ही सर्व चामड्याचीच साधने होत. हे चामडे कोठून येई आणि ते कोणाच्या श्रमातून तयार होई, हा प्रश्न वर्ध्यात 1930 च्या दशकात ऐरणीवर आला. प्रस्तुत लेखात त्याचा परामर्श घेतला आहे.

पारंपरिक व्यवस्था :

मोट हे चामड्याच्या उपयुक्ततेचे ठळक उदाहरण होय. बैल धावेवरून उतरू लागले की नाड्याने मोट वर ओढली जाई व सोंदूर ढिला पडताच सोंडेतून पाणी थारोळ्यात पडे. सतत भिजूनही न कुजणारे आणि वाकूनही न तडकणारे असे चामडे त्यासाठी लागे. पुढे लोखंडी मोटा व त्यानंतर डिझेल आणि विजेचे पंप आल्याने तिचा वापर संपुष्टात आला.

ग्रामीण महाराष्ट्रात सामान्यतः महारांनी मृत जनावर ओढून न्यावे, ढोरांनी कातडे कमवावे आणि चांभारांनी वस्तू घडवाव्यात अशी जातीनिहाय विभागणी होती. वस्तू सर्वांना हवी होती; ती निर्माण करणारा हात मात्र अस्पृश्य मानला गेला. हे काम जोखमीचेही होते. काळपुळीने मेलेले जनावर उघड्या हातांनी सोलल्यास तो रोग माणसालाही होतो. म्हणून अशा जनावराचे कातडे काढूच नये, असे पशुवैद्यकशास्त्र सांगते.

नालवाडीचा प्रयोग :

विनोबा भावे डिसेंबर 1932 मध्ये वर्ध्यालगतच्या नालवाडी या दलितवस्तीच्या गावी राहावयास गेले. 1934 मध्ये गांधीजींनी ग्रामीण चर्मोद्योगाविषयी लेखन केले. मृत जनावरांची सुमारे 9 कोटी रुपयांची कातडी दरवर्षी परदेशी जातात व त्यांतील बरीच तयार मालाच्या रूपाने परत येतात, असा अंदाज त्यांनी त्यात नमूद केला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन वर्ध्याची मगनवाडी त्याचे केंद्र बनली, जे. सी. कुमारप्पा हे त्याचे मंत्री होते. याच काळात विनोबांच्या सहवासातील कार्यकर्ते गोपाळराव वाळुंजकर यांनी नालवाडी येथे चर्मालय उभे केले.

या प्रयोगाचे वैशिष्ट्य म्हणजे केवळ नैसर्गिक मृत्यू आलेल्या जनावराचेच चामडे वापरणे. त्यामागील तांत्रिक विचार साधा होता. मेलेले जनावर जमिनीवरून फरफटत नेल्यास कातडे खरवडले जाते; ते गाडीवरून न्यावे. सोलताना सुरीचे घाव बसल्यास किंमत घटते. त्यानंतर मीठ लावणे, भिजविणे, चुन्याने केस सैल करणे, आतील मांस खरडणे, चुना धुऊन काढणे आणि बाभळीची साल व हिरडा यांच्या काढ्यात कमविणे अशा पायऱ्या येतात. हाडे व मांसापासून खत, तसेच चरबी व शिंगे यांचा उपयोग, या दृष्टीने मृत जनावर हे गावाचे उत्पन्न ठरते.

1941 मध्ये जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने गोसेवा संघ स्थापन झाला. त्याच्या सभासदांनी गाईचे दूधतूप आणि मृत जनावराचेच चामडे वापरण्याचा नियम स्वीकारला. गोसेवेचा संबंध अशा रीतीने चर्मकाराच्या कामाशी जोडला गेला.

दोन दृष्टिकोन :

या प्रयोगाचे मूल्यमापन करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका विसरता येत नाही. मार्च 1927 मधील महाड परिषदेत मृत जनावरे ओढण्याचे व मृतमांस खाण्याचे सोडून देण्याचे आवाहन करण्यात आले होते. त्यांच्या दृष्टीने प्रश्न कातडे वाया जाण्याचा नव्हता, तर जन्माने लादलेल्या कामाचा होता. नालवाडीने कामाला प्रतिष्ठा देऊ पाहिली. महाडने काम नाकारण्याचा अधिकार मागितला. सवर्ण कार्यकर्त्याने स्वेच्छेने कातडे कमविणे हा त्याग ठरतो. परंतु ज्याला दुसरा पर्यायच नाही, त्याच्यासाठी तेच काम बंधन असते. ही विषमता केवळ सुधारित तंत्राने मिटणारी नव्हती.

समारोप :

पुढे 1956 च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या कार्यकक्षेत ग्रामीण चर्मोद्योगाचा समावेश झाला. तथापि, यंत्रशेती, रबर व प्लास्टिक यांमुळे गावातील मागणी आटत गेली. अमेरिकन गुराख्याचा मनगटपट्टा वापरणाऱ्याचा हात जपण्यासाठी होता. नालवाडीने चामडे घडविणाऱ्या हाताकडे लक्ष वेधले, हे तिचे ऐतिहासिक महत्त्व होय. मात्र तो हात कोणाचा असावा, हे जन्माने न ठरता निवडीने ठरावे, ही महाडची मागणी मान्य झाल्याशिवाय नालवाडीचा उद्देश पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.