छातीवर बसणारं भूत

सबमिशनच्या आठवड्यात आमच्या रूममध्ये भूत आलं होतं! पहाटे रूम पार्टनरला जाग आली. डोळे उघडे, पण हात हलेना, आवाज फुटेना आणि छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटत होतं. सकाळी अख्ख्या विंगमध्ये तीच चर्चा. कोणी म्हणालं मुंजा, कोणी हनुमानाचा फोटो आणून दिला. मला मात्र त्याने लागोपाठ मारलेल्या तीन नाइटांचा संशय होता.

त्याचं असं आहे. झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांनी येते. रात्रभरात अशा चार-पाच फेऱ्या होतात. स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू बंद ठेवतो, नाहीतर स्वप्नात फुटबॉल खेळताना आपण खरोखरच लाथा झाडू. कधीकधी आपण जागे होतो, पण हे स्विच ऑन व्हायला वेळ लागतो आणि स्वप्नही चालूच राहतं. झालं, भूत तयार! याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. श्वास चालूच असतो आणि बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आपोआप सुटका होते. झोप अपुरी किंवा वेळी-अवेळी झाली, की हे जास्त होतं. उताणं झोपल्यानेही होतं.

आता कटिंगबद्दल. जागेपणी मेंदूत अडेनोसिन साठत जातं, त्यानेच झोप येते. लोकलमध्ये रुमाल टाकून सीट अडवतात, तसं कॅफीन त्याची जागा अडवतं. साठा कमी होत नाही! शिवाय निम्मं कॅफीन उतरायलाच साधारण पाच तास लागतात. त्यात कुर्ल्यात डोक्यावरून विमानं उतरत असतात, म्हणजे आलेली झोपही तुकड्यातुकड्यांची.

ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा ताळमेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा बिघडतो. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. नाइट मारून सकाळी एलबीएस रोडवर बाइक काढणाऱ्यांनी हिशोब करावा.

आणि एक. कोणी घोरता घोरता श्वास थांबून दचकत असेल, दिवसा लेक्चरला डुलक्या घेत असेल, तर त्याचं रेकॉर्डिंग करून हसू नका, त्याला डॉक्टरकडे न्या. तो स्लीप ॲप्निया असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

आमचा पार्टनर ओरल संपल्यावर चौदा तास झोपला. भूत परत आलेलं नाही. हनुमानाचा फोटो त्याने ठेवलाय, पुढच्या सेमला मॅथ्स आहे म्हणून.