विधिमंडळाचे प्रतिवेदक

महाराष्ट्र विधिमंडळाचा इतिहास आणि त्याची रचना यांवर सविस्तर लेख हवा, असे संपादकांनी सुचविले, तेव्हा अधिनियमांची आणि सभापतींच्या नामावळ्यांची टिपणे घेऊनच मी मुंबईच्या विधान भवनात गेलो. परंतु प्रेक्षक-सज्जात बसून कामकाज पाहू लागल्यावर, अध्यक्षांच्या आसनासमोरील मेजाशी मान खाली घालून लिहीत बसलेल्या एका गृहस्थांवर जी दृष्टी खिळली, ती तेथून हलेना. सारे सभागृह बोलणाऱ्या सदस्याकडे पाहत होते. हे गृहस्थ कोणाकडेच पाहत नव्हते, आणि तरीही उच्चारला जाणारा प्रत्येक शब्द त्यांच्याच हातून कागदावर उतरत होता. त्यांचा हुद्दा प्रतिवेदक. विधिमंडळाविषयी मला जे सांगावयाचे आहे, ते या हुद्द्याच्या आश्रयानेच सांगता येईल असे वाटते.

इतिहास थोडक्यात सांगतो. १८६१च्या कायद्यान्वये स्थापन झालेले मुंबईचे कौन्सिल १८६२च्या जानेवारीत टाऊन हॉलमध्ये प्रथम भरले, आणि त्यात जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे मोजकेच एतद्देशीय गृहस्थ गव्हर्नरांच्या नेमणुकीने बसले. पुढ्यात आलेल्या मसुद्याबाहेर बोलण्याची मुभा त्यांना नव्हती. प्रश्न विचारण्याचा आणि अंदाजपत्रकावर, मतदानाविना का होईना, चर्चा करण्याचा अधिकार १८९२च्या कायद्याने मिळाला. जमीन महसुलाच्या कायद्यातील दुरुस्तीचा निषेध म्हणून १९०१ साली फिरोजशहा मेहता आणि त्यांच्यासमवेत गोपाळ कृष्ण गोखले प्रभृती सभासद उठून बाहेर पडले, आणि सभात्यागाचे शस्त्र या सभागृहाच्या परिचयाचे झाले. १९२१ साली गव्हर्नर अध्यक्षस्थानावरून दूर होऊन सर नारायण चंदावरकर त्या जागी आले. १९३७ साली विधानसभा आणि विधान परिषद अशी दोन सभागृहे अस्तित्वात आली, आणि विधानसभेचे अध्यक्षपद गणेश वासुदेव मावळंकर यांच्याकडे गेले. टाऊन हॉल, पुण्याचा कौन्सिल हॉल, मुळात खलाशांच्या निवासासाठी बांधलेली आणि आज पोलीस मुख्यालय असलेली इमारत, अशी स्थलांतरे करीत हे बिऱ्हाड १९८१ साली नरिमन पॉइंटच्या विधान भवनात स्थिरावले. १९ एप्रिल रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

द्विभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत ३९६ सदस्य होते. १ मे १९६० रोजी त्यांतील १३२ गुजरातच्या वाट्यास गेले आणि २६४ महाराष्ट्राकडे राहिले. ही संख्या १९७८पासून २८८ आहे, आणि तीत २९ जागा अनुसूचित जातींसाठी व २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. विधान परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी ३० विधानसभा सदस्यांकडून, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, प्रत्येकी ७ पदवीधर व शिक्षक मतदारसंघांतून निवडून येतात आणि १२ राज्यपालांकडून नियुक्त होतात. वरिष्ठ सभागृहाच्या उपयुक्ततेविषयी शंका घेणारांनी एवढेच ध्यानात घ्यावे की रोजगार हमीची कल्पना ज्यांच्या चिंतनातून आली, ते वि. स. पागे १९६०पासून १९७८पर्यंत याच परिषदेचे सभापती होते.

आता प्रतिवेदकांकडे वळतो. ते एकटे लिहीत नाहीत. ठराविक मिनिटांची एकेकाची पाळी असते. पाळी संपण्याच्या बेतास दुसरा प्रतिवेदक पाय न वाजविता येऊन शेजारी बसतो, बोलणाऱ्याच्या वाक्याचा धागा पकडून लिहू लागतो, आणि मग पहिला उठून आपल्या लघुलेखनाच्या रेखांचे अक्षरांत रूपांतर करावयास आत जातो. भाषण अखंड असते, पण ते लिहिणारे हात बदलत असतात; म्हणून असुधारित प्रतीत पाळीच्या शेवटी ‘यानंतर श्री. अमुक’ अशी पुढील प्रतिवेदकाच्या नावाची नोंद आढळते. शंभर वक्त्यांच्या त्या दफ्तरात लिहिणाऱ्याचे नाव येते ते एवढ्यापुरतेच, आणि सुधारित छापील खंडात तेही राहत नाही.

लघुलेखनाचे शास्त्र आयझॅक पिटमन यांनी १८३७ साली इंग्रजीसाठी सिद्ध केले. त्याच्या तत्त्वाप्रमाणे प्रत्येक व्यंजनास एक सरळ वा वक्र रेषा, अघोष वर्णास ती बारीक आणि घोष वर्णास ठसठशीत, आणि स्वर हे बिंदू व छोट्या रेघा यांनी दर्शवावयाचे. परंतु वेगात लिहिताना स्वर बहुधा गाळावेच लागतात. मराठीत या पद्धतीने लिहिणाराची कसोटी अधिक कठीण असते, कारण ‘काम’, ‘कमी’ आणि ‘कम’ यांचा सांगाडा एकच. अर्थ कोणता, हे संदर्भानेच ठरते, आणि संदर्भ कळण्यासाठी विषय ठाऊक असावा लागतो. पाटबंधाऱ्यांच्या पुरवणी मागण्या, सातबाराचे फेरफार, दूध संघांचे हिशेब, रुग्णालयांतील औषधखरेदी हे सारे एका दुपारी त्याच्या कानांवरून जाते. खानदेशातील सदस्याचा हेल निराळा, मालवणकडील सदस्याचा निराळा. कोणी आकडे भरधाव वाचतो, कोणी वाक्य अर्धे सोडून मंत्र्यांकडे बोट दाखवितो. शासकीय कार्यालयांत उच्चश्रेणी लघुलेखकाकडून मिनिटास १२० शब्दांच्या वेगाची अपेक्षा असते. संतापलेला वक्ता या मर्यादेची पर्वा करीत नाही. दर भाषणात पुनःपुन्हा येणारे ‘अध्यक्ष महाराज’ हे संबोधन एका छोट्या जोडरेघेत आटोपते, आणि तेवढ्या अवकाशात हात मागे राहिलेले चार शब्द गाठून घेतो.

ध्वनिमुद्रण होत असताना हा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर सभागृहातच मिळते. दोन सदस्य एकाच वेळी बोलतात, तिसरा ध्वनिक्षेपकाविना जागेवरूनच उत्तर देतो, चौथ्याची घोषणा त्यावरून जाते; मुद्रणात हा सारा गलबला उतरतो, परंतु कोण काय बोलला हे समोर बसलेल्या प्रतिवेदकालाच कळते. ध्वनिफितीशी तो आपल्या लेखाची रुजवात घालतो, पण नोंदीचा निर्णय त्याच्या अवधानावर उभा असतो. अध्यक्षांनी वगळण्याचा हुकूम केलेला शब्दही त्याने आधी लिहिलेलाच असतो. सदस्याला आपले भाषण तपासावयास मिळते, भाषेची चूक दुरुस्त करता येते. आशय मात्र बदलता येत नाही. बोललेल्या शब्दावर बोलणाऱ्याचीही मालकी राहू नये, या नियमाइतका लोकशाहीचा दुसरा भक्कम नियम मला ठाऊक नाही.

या लेखनाचे मोल किती, ते एका ग्रंथावरून कळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ साली मुंबईच्या कौन्सिलात आले; १९२८ साली त्यांनी महार वतनासंबंधीच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, त्याच वर्षी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिकालीन लाभाच्या विधेयकास पाठिंबा दिला, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत आणले. खोतीचे ते विधेयक तेव्हा कायद्यात उतरले नाही. तरीही त्यामागचा विचार आणि वतनाच्या गुलामगिरीवरील त्यांचे प्रहार आज शब्दशः वाचावयास मिळतात, कारण महाराष्ट्र शासनाने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात विधिमंडळाच्या वृत्तांतांतून ही भाषणे घेतलेली आहेत. विधेयके पडली, सरकारे गेली. त्या दिवशी मेजाशी बसलेल्या अनामिक लेखनिकाने केलेले काम मात्र शिल्लक राहिले.

आणि म्हणूनच आजची स्थिती पाहून चिंता वाटते. प्रतिवेदक जे ऐकतो तेच लिहितो, आणि ऐकण्याजोगे थोडे असेल तर त्याच्या लेखणीत ते अधिक कोठून येणार? अलीकडची प्रतिवृत्ते चाळताना कंसांतील शब्द वारंवार भेटतात: (गोंधळ), (घोषणा), (अडथळा), मग बैठक तहकूब झाल्याची वेळ, मग ‘स्थगितीनंतर’, आणि पुन्हा कंस. अशा गोंधळातच एखादे विधेयक पुढे येते, त्याचे खंड एकामागून एक पुकारले जातात, आणि ‘प्रस्ताव मतास टाकण्यात येऊन संमत झाला’ या ठराविक वाक्यात लक्षावधी लोकांच्या जमिनीचा, वेतनाचा किंवा शिक्षणाचा निकाल लागतो. उद्या न्यायालयाने वा अभ्यासकाने विधिमंडळाचा हेतू काय होता असे विचारले, तर दफ्तरात त्याला त्या वाक्यापलीकडे काही सापडणार नाही. गोंधळ घालणे हे विरोधकांचे एक साधन आहे, हे मी नाकारीत नाही. चर्चेस वेळच न देण्याचा दोष सत्ताधाऱ्यांकडे जातो, हेही तितकेच खरे. पण दोहोंचा परिणाम वृत्तांताच्या त्या कोऱ्या जागेवर सारखाच होतो.

रिकामेपणा नुसता चर्चेतच नाही. विधानसभेचे अध्यक्षपद फेब्रुवारी २०२१पासून जुलै २०२२पर्यंत रिकामे राहिले. विधान परिषदेचे सभापतिपद जुलै २०२२पासून डिसेंबर २०२४पर्यंत भरले गेले नाही. राज्यपालनियुक्त बारा जागा जून २०२०मध्ये मोकळ्या झाल्या आणि त्यांतील सात भरण्यास ऑक्टोबर २०२४ उजाडले. उपाध्यक्ष व उपसभापती यांनी काम चालविले, हे मान्य. परंतु दीर्घकाळ झगडून मिळविलेली आसने इतका काळ ओस पडू देणे हा संस्थेचा अवमान आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नागपूर कराराने १९५३ साली दिलेले वचन, म्हणजे वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरास, २०२० साली महासाथीमुळे पाळता आले नाही, ते समजण्याजोगे होते; रिकाम्या आसनांना असे कारण नव्हते.

स्वतः प्रतिवेदकांची परंपराही निर्धास्त नाही. पूर्वी पेढ्यांतून आणि कचेऱ्यांतून लघुलेखकास हमखास चाकरी मिळे, त्यामुळे तालुक्याच्या गावीही टंकलेखनाच्या वर्गात रेखा गिरविणारी मुले-मुली असत, आणि त्यांतील उत्तमांतले उत्तम विधिमंडळापर्यंत पोचत. ती चाकरीच आटल्यावर ही कष्टाची विद्या वर्षानुवर्षे कोण शिकणार? बोललेले आपोआप लिहून देणारी यंत्रे आली आहेत आणि त्यांचे साहाय्य अवश्य घ्यावे. परंतु त्यांच्या लेखाची रुजवात घालण्यास मराठीच्या सर्व बोली जाणणारा, नियमांत मुरलेला आणि कोणत्याही बाजूचा नसलेला माणूस तेथे बसविलाच पाहिजे. त्यासाठी शासनाने लघुलेखनाच्या वर्गांना आधार द्यावा आणि प्रतिवेदकांची पदे वेळच्या वेळी भरावी.

वाचकांकडेही एक मागणे आहे. आपल्या मतदारसंघाचा सदस्य गेल्या अधिवेशनात उठून काय बोलला, कोणता प्रश्न त्याने विचारला, कोणत्या विधेयकावर तो गप्प बसला, हे वर्तमानपत्रातील दोन ओळींवरून ठरवू नये. विधिमंडळाचा वृत्तांत मिळवून तो स्वतः वाचावा, आणि निवडणुकीत तो सदस्य दारी येईल तेव्हा त्यातील पान काढून त्याच्यापुढे ठेवावे.