श्राव्यातीत ध्वनी आणि घरातील दागिने

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. दागिने व चष्मे धुण्याच्या घरगुती यंत्रांत ही कंपने बहुधा ४०,०००च्या आसपास असतात. पात्राच्या तळाशी बसविलेली दाबविद्युत चकती पाण्याला कंप देते, पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात आणि तत्क्षणी मिटतात. मिटणाऱ्या पोकळीमुळे केवढा दाब उत्पन्न होतो, याचे गणित लॉर्ड रॅली यांनी १९१७ साली मांडले. जहाजांच्या पंख्यांना खड्डे पाडणारी हीच शक्ती येथे साखळीच्या कड्यांतील मळ सोडविते.

काही स्वस्त यंत्रांत नुसती मोटारीची थरथर असते. पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा कागद पाण्यात मिनिटभर टांगावा. त्याला बारीक खळगे वा छिद्रे पडली, तर यंत्र खरे. पाणी कोमट असावे आणि त्यात भांडी घासण्याच्या द्रवाचे दोन थेंब पुरेत. पेट्रोल किंवा स्पिरिट कदापि घालू नये. त्याची वाफ पेट घेते.

खडे नसलेल्या सोन्याच्या बांगडीला सहसा अपाय होत नाही. नथीचे किंवा हैदराबादी मोत्यांच्या सराचे तसे नाही. मोत्याचा नाजूक थर खराब होतो आणि गेलेले तेज परत आणता येत नाही. पाचूच्या भेगांत बहुधा तेल भरलेले असते; ते निघाले की झाकलेल्या रेषा उघड्या पडतात. पोवळ्यालाही हे स्नान वर्ज्यच. अशा जिनसा मऊ, ओलसर फडक्याने पुसाव्यात.