ई-मेलमधील दुवा का उघडत नाही?

परीक्षेचे प्रवेशपत्र, मुलाखतीचे बोलावणे, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, रुग्णालयातील तपासणीचा अहवाल, बँकेच्या खात्यासाठी नवा परवलीचा शब्द घेण्याची सूचना, या गोष्टी पूर्वी टपालाच्या पाकिटातून येत असत. आता त्यांपैकी पुष्कळशा ई-मेलने येतात. आणि तेथेही बहुधा प्रत्यक्ष कागद न येता तो कागद जेथे ठेवला आहे तेथील पत्ता तेवढा येतो. या पत्त्यास व्यवहारात ‘लिंक’ म्हणतात. येथे त्यास ‘दुवा’ म्हटले आहे. पत्रातील दुव्यावर बोट टेकवावे आणि ब्राउझरमध्ये अपेक्षित पान उघडावे, अशी ही योजना आहे. बहुतेक वेळा ती बिनबोभाट पार पडते. परंतु कधी काहीच घडत नाही, कधी कोरे पान दिसते, तर कधी ‘पान सापडले नाही’ असे उत्तर मिळते. मुदत संपत आली असेल तर अशा वेळी मनुष्य गोंधळतो. तोच दुवा दहा वेळा दाबतो, आणि अखेरीस जो कोणी भेटेल त्याच्या हाती आपले यंत्र सोपवतो.

‘दुवा उघडत नाही’ ही तक्रार अंगात ताप असल्यासारखी आहे. ताप हा रोग नव्हे, ते लक्षण होय. आणि एकाच लक्षणामागे अनेक कारणे असू शकतात. ती कारणे क्रमाने तपासली, तर बहुतेक वेळा दोष कोठे आहे हे सामान्य वापरणाऱ्यासही काही मिनिटांत ओळखता येते.

दुवा म्हणजे काय?

दुव्याला दोन अंगे असतात. एक दिसणारे शब्द, उदाहरणार्थ ‘येथे दाबा’. आणि दुसरा त्यांच्यामागे दडलेला पत्ता. हे दोन्ही एकच असतील असे नाही, ही गोष्ट प्रथमच ध्यानात ठेवावयास हवी. संगणकावर दुव्यावर बाण नुसता नेऊन ठेवला, अथवा फोनवर दुवा दाबून धरला, म्हणजे हा दडलेला पत्ता बहुधा दिसू लागतो.

पत्ता लिहिण्याची पद्धत ठरलेली आहे. टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तिचे नियम प्रसिद्ध केले, आणि २००५ मध्ये त्यांस आजचे रूप मिळाले. ‘एचटीटीपीएस://निकाल.उदाहरण.भारत/प्रवेशपत्र?क्रमांक=४२१’ असा एक कल्पित पत्ता घेऊ. यातील पहिला भाग कोणत्या रीतीने जावयाचे ते सांगतो. दुसरा भाग, म्हणजे दोन तिरप्या रेघांपासून पुढील एका तिरप्या रेघेपर्यंतचा, कोणाच्या घरी जावयाचे ते सांगतो. तिसरा त्या घरातील खोली दाखवतो. आणि प्रश्नचिन्हानंतरचा भाग तेथे कोणती वस्तू मागावयाची ते सांगतो. टपालाच्या पत्त्यात पिनकोडचा एखादा अंक चुकला, तर गावाचे नाव वाचून टपाल कर्मचारी पत्र मार्गी लावू शकतो. येथे तशी सोय नाही. एक चिन्ह गळले की पत्ता निराळा झाला.

पहिली कसोटी

दुवा दाबल्यापासून पान दिसेपर्यंत काम अनेक हातांतून जाते. ई-मेलचा प्रोग्राम पत्ता ओळखतो व तो यंत्राच्या कार्यप्रणालीच्या स्वाधीन करतो. कार्यप्रणाली तो नेमलेल्या ब्राउझरला देते. ब्राउझर पत्त्यातील नावावरून त्या स्थळाचा क्रमांक शोधून काढतो. नंतर दूरच्या संगणकाशी संधान बांधतो. आणि तो संगणक मागितलेले पान पाठवतो. यांपैकी कोणत्याही एका हाताने काम सोडले तरी तक्रार एकच उरते.

म्हणून पहिली कसोटी अशी घ्यावी की, त्या साखळीचे दोन तुकडे पडावेत. दडलेल्या पत्त्याची नक्कल करून घ्यावी, ब्राउझर स्वतंत्रपणे उघडावा व त्याच्या पत्त्याच्या पट्टीत ती नक्कल ठेवावी. पान उघडले, तर पत्ता व पुढील सर्व मार्ग निर्दोष आहेत. दोष ई-मेलच्या प्रोग्रामपासून ब्राउझरपर्यंतच्या टप्प्यात आहे. पान उघडले नाही, तर ब्राउझरची नेमणूक बदलत बसण्यात अर्थ नाही. दोष पत्त्यात किंवा त्याच्या पलीकडे आहे. ही एक कृती निम्मी कारणे बाजूस सारते.

नेमणुकीचा दोष

पान अशा रीतीने उघडले, तर प्रथम नेमणूक पाहावी. यंत्रावर अनेक ब्राउझर असू शकतात. त्यांपैकी दुवे कोणी उघडावयाचे याची नोंद कार्यप्रणाली ठेवते. एखादा ब्राउझर काढून टाकला आणि नोंद मात्र त्याच्याच नावावर राहिली, तर पत्र बदलून गेलेल्या भाडेकरूच्या नावे यावे तशी अवस्था होते. विंडोज कार्यप्रणालीवरील आउटलुक या ई-मेल प्रोग्राममध्ये, ‘या संगणकावरील निर्बंधांमुळे ही क्रिया रद्द करण्यात आली आहे’ अशा अर्थाची सूचना पुष्कळांनी पाहिली असेल. ती वाचून कार्यालयाने मुद्दाम बंदी घातली आहे असे वाटते. क्वचित तसे असतेही. परंतु अनेकदा ब्राउझर काढल्यानंतर उरलेली चुकीची नोंद हेच खरे कारण असते. यंत्राच्या मांडणीत जाऊन चालू असलेल्या ब्राउझरची नव्याने नेमणूक केली, म्हणजे बहुधा काम भागते.

याच दोषाची उलट बाजूही आहे. ब्राउझरमधील पानावर कोणाचा ई-मेल पत्ता दिलेला असतो, व त्यावर दाबले असता पत्र लिहिण्याची चौकट उघडावी अशी अपेक्षा असते. या दुव्याच्या आरंभी ‘मेलटू’ हा संकेत असतो. ब्राउझरमध्येच ई-मेल वाचणाऱ्याच्या यंत्रावर पत्रे पाठविण्यासाठी एखादा प्रोग्राम नेमलेला असेलच असे नाही. मग काहीच घडत नाही, अथवा कधी न वापरलेला प्रोग्राम उघडून नाव-गाव विचारू लागतो. येथेही नेमणूक दुरुस्त करावी. घाई असल्यास पत्त्याची नक्कल करून नव्या पत्रात ठेवावी.

फोनवर तिसरा प्रकार आढळतो. काही ॲप दुवा मुख्य ब्राउझरकडे न देता आपल्याच पोटातील लहानशा खिडकीत उघडतात. मुख्य ब्राउझरमध्ये दिलेली ओळख त्या खिडकीला ठाऊक नसते, म्हणून पान पुन्हा नाव व परवलीचा शब्द मागते किंवा अर्धवट उघडते. त्या खिडकीच्या यादीतील ‘ब्राउझरमध्ये उघडा’ हा पर्याय निवडावा.

मोडलेला पत्ता

नक्कल करूनही पान उघडले नाही, तर पत्ता अखंड आहे की नाही ते पाहावे. ई-मेलच्या नियमांनुसार पत्रातील ओळ शक्यतो ७८ चिन्हांपेक्षा लांब नसावी. १९९२ मध्ये रूढ झालेल्या एका लेखनसंकेतानुसार ती ७६ चिन्हांत बसवावी लागते; लांब ओळ तोडून तुकड्याच्या शेवटी = हे चिन्ह ठेवले जाते, आणि मूळ मजकुरात असलेल्या त्याच चिन्हाच्या जागी तीन चिन्हांचा एक संकेत लिहिला जातो. पत्र घेणारा प्रोग्राम हे तुकडे पुन्हा जोडतो. परंतु वाटेतील एखाद्या प्रोग्रामने जोडणी नीट केली नाही, तर लांब पत्ता मध्येच तुटतो व पहिल्या ओळीपुरताच दुवा उरतो. दुव्याचा रंग ओळीच्या शेवटी संपला आहे आणि पुढच्या ओळीवर साध्या शाईत अक्षरांची रांग आहे, असे दिसले की हे कारण ओळखावे. दोन्ही तुकडे मध्ये जागा न सोडता जोडले, की पत्ता पूर्ववत होतो.

दुसरे कारण विरामचिन्हांचे. पत्र लिहिणारा वाक्य संपवताना पत्त्यालगत पूर्णविराम किंवा कंस देतो, आणि कधीकधी प्रोग्राम तेही चिन्ह पत्त्यात धरतो. मराठी पत्रांत याच्या जोडीला विभक्तिप्रत्यय येतात. ‘या पत्त्यावर’ असे लिहिण्याऐवजी पत्त्याच्या शेवटच्या अक्षरालाच ‘वर’ किंवा ‘ला’ चिकटवला, तर काही प्रोग्राम प्रत्ययासह सारा शब्द पत्ता मानतात. म्हणून पत्ता स्वतंत्र ओळीवर, मागेपुढे काही न जोडता लिहावा.

देवनागरी पत्त्यांची गोष्टही जाणून घेण्यासारखी आहे. ‘.भारत’ हा नामविभाग २०१४ मध्ये खुला झाला, व मराठीतही स्थळनाव घेणे शक्य झाले. मात्र नावांची जागतिक नोंदवही आजही रोमन अक्षरांवर चालते. म्हणून ब्राउझर देवनागरी नावाचे २००३ मध्ये ठरलेल्या रीतीने रोमन संकेतात रूपांतर करतो. जुन्या ई-मेल प्रोग्रामांस असा पत्ता दुवा म्हणून ओळखता येत नाही. तो ब्राउझरच्या पट्टीत स्वतः लिहून पाहावा.

पलीकडील दोष

पत्ता अखंड असूनही पान येत नसेल, तर ब्राउझर काय सांगतो ते वाचावे. बहुतेक लोक ते न वाचताच खिडकी बंद करतात. ‘४०४’ हा अंक दिसला, तर दूरच्या संगणकापर्यंत मार्ग व्यवस्थित आहे, पण त्या नावाचे पान तेथे नाही. ‘४१०’ म्हणजे पान कायमचे काढून टाकले आहे. ‘४०३’ म्हणजे मागणी समजली, पण परवानगी नाही. स्थळाचे नावच सापडत नाही असे उत्तर आले, तर तोच पत्ता दुसऱ्या जोडणीवरून, उदाहरणार्थ घरच्या जोडणीऐवजी फोनच्या जोडणीवरून, उघडून पाहावा. तेथे उघडला, तर दोष पहिल्या जोडणीचा.

‘ही जोडणी सुरक्षित नाही’ या सूचनेचे एक साधे कारण घड्याळ हे आहे. प्रत्येक सुरक्षित स्थळाजवळ ओळखीचे प्रमाणपत्र असते, व त्यावर आरंभाची आणि अखेरीची तारीख असते. यंत्राचे घड्याळ काही वर्षे मागे पडले असेल, तर ब्राउझरला चांगली प्रमाणपत्रेही अवैध वाटतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या प्रमाणपत्रांना आधार देणारे एक जुने मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झाले. त्या दिवसापासून काही जुन्या उपकरणांवर अनेक स्थळे उघडेनाशी झाली. तारीख तपासावी आणि यंत्राचे प्रोग्राम अद्ययावत करावेत. सूचना डावलून पुढे जाणे हा उपाय नव्हे.

एकदाच उघडणारे दुवे

परवलीचा शब्द बदलण्यासाठी आलेला दुवा बहुधा एकदाच चालतो आणि ठरावीक वेळेपुरताच जिवंत असतो. येथे एक विलक्षण प्रकार घडतो. अनेक कार्यालयांत आलेल्या पत्रांतील दुवे धोकादायक आहेत काय, हे पाहण्यासाठी एक पहारेकरी प्रोग्राम ते आधीच उघडून बघतो. त्या तपासणीतच एकदाच चालणारा दुवा खर्ची पडतो, आणि खऱ्या मालकाने दाबले असता ‘मुदत संपली’ असे उत्तर मिळते. मालकाने काही चूक केलेली नसते. वेबच्या नियमांनुसार पान नुसते पाहण्याच्या मागणीने पलीकडे काही बदल होऊ नये अशी अपेक्षा आहे. म्हणून दुवा पाठविणाऱ्या संस्थेने पानावर एक बटण ठेवून, ते दाबल्यावरच दुवा वापरला गेला असे धरावे. वापरणाऱ्याने नवा दुवा मागवावा, आणि फक्त सर्वांत शेवटी आलेलाच वापरावा. कारण नवा निघाला की जुना सहसा रद्द होतो.

न उघडलेलेच बरे

दुवा न उघडणे ही नेहमीच आपत्ती नसते. ई-मेलच्या प्रोग्रामने किंवा ब्राउझरने एखादा दुवा मुद्दाम अडवला असेल, तर तो उघडण्याची खटपट करणे म्हणजे दाराला लावलेली कडी स्वतःच्या हाताने काढणे होय. फसवणूक करणारे ‘आजच शेवटचा दिवस’ असे लिहितात, ते याच घाईच्या भरवशावर. अशा वेळी पत्त्यातील नाव उजवीकडून वाचावे. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगत डावीकडे जे नाव संपते, तेच खरे घर. बँकेचे नाव पत्त्याच्या आरंभी असले आणि शेवट अनोळखी असला, तर ते घर बँकेचे नव्हे. अक्षरांतही फसगत होते: घाईत ‘घ’चा ‘ध’ वाचला जातो, तशीच रशियन लिपीतील काही अक्षरे रोमन अक्षरांहून डोळ्यांस वेगळी दिसत नाहीत.

शंका असेल तेथे दुव्याचा नाद सोडावा. संस्थेचे स्थळ स्वतः ब्राउझरमध्ये उघडून, आपल्या खात्यात जाऊन हवा तो कागद शोधावा, किंवा तिच्या जाहीर क्रमांकावर विचारणा करावी. भारतात अशा फसवणुकीने पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवता येते. तेथे पहिल्या काही तासांना फार महत्त्व असते.

तपासणीचा क्रम थोडक्यात असा: दडलेला पत्ता वाचावा, तो ओळखीचा असेल तरच त्याची नक्कल ब्राउझरमध्ये ठेवावी, उघडला तर नेमणूक पाहावी, न उघडला तर पत्ता अखंड आहे काय ते पाहावे, नंतर ब्राउझरचे उत्तर, घड्याळ व जोडणी तपासावी, आणि शेवटी नवा दुवा मागवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, व प्रत्येक बदलानंतर परिणाम पाहावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दुवा उघडला, तर कोणत्या बदलाने उघडला हे कळत नाही; आणि पुढच्या वेळी तोच माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर उभा असतो.