गाव, शहर आणि मुलांची हालचाल

खेड्यातील मूल दिवसभर हिंडते, झाडावर चढते, शेतात आईबापांच्या हाताखाली राबते. मग त्यास शाळेत निराळा व्यायाम हवा कशाला, असा प्रश्न पालक विचारतात आणि काही वेळा शिक्षकही विचारतात. व्यायामाची तासिका ही शहरातील बैठ्या मुलांची गरज, असा त्यामागील समज असतो. या समजुतीत तथ्य नाही असे नाही. परंतु ते वाटते तेवढे मोठे नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड व चंडीगढ येथील चौदा हजारांहून अधिक प्रौढ स्त्रीपुरुषांच्या शारीरिक हालचालींची नोंद घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. शहरी भागात शेकडा ६५, तर ग्रामीण भागात शेकडा ५० लोक पुरेशी हालचाल न करणारे आढळले. शहराच्या आकड्याचे कोणास नवल वाटणार नाही. विचार करावयाचा तो खेड्याच्या आकड्याचा. त्याहून बोलकी बाब अशी की, महाराष्ट्रातील शेकडा ९१ हून अधिक लोकांच्या दिनक्रमात खेळ, व्यायाम किंवा मुद्दाम मारलेला फेरफटका मुळीच नव्हता. जी हालचाल होती ती मुख्यत्वे कामाची होती. अशा ठिकाणी काम हलके झाले की हालचालही तेवढीच कमी होते, आणि तिची जागा घेण्यास दुसरे काही नसते.

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत नेमके हेच घडत आले आहे. पूर्वी विहिरीवर मोट चाले, खळ्यावर बैलांच्या पायांखाली जोंधळ्याची मळणी होई, पहाटे घराघरांतून जात्याची घरघर ऐकू येई. पुढे सोयाबीनचे पीक पसरले, त्याची रास मळणी यंत्रातून निघू लागली, नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली, दळण गिरणीत गेले. यात दुःख करण्यासारखे काही नाही. पहाटे जात्यावर बसणाऱ्या स्त्रीस त्या व्यायामाचे कौतुक कधीच नव्हते. पण बापाच्या मोटारसायकलच्या टाकीवर बसून शाळेत येणारे खेड्यातील मूल आणि रिक्षातून उतरणारे नांदेड शहरातील मूल यांच्या पायांना पडणारे श्रम जवळजवळ सारखेच, हे मात्र ओळखले पाहिजे. किनवट-माहूरच्या डोंगरांतील पाड्यावरून वा तांड्यावरून पायवाटेने येणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. तेव्हा ‘ग्रामीण मूल’ अशी एकच जात मानून चालणार नाही.

शेतीचे काम आणि शरीराची जोपासना या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे जुन्या मल्लांस चांगले ठाऊक होते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत फडात उतरणारे कितीतरी गडी शेतकऱ्यांच्याच घरचे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे नामांकित मल्ल हरिश्चंद्र बिराजदार हेही याच मातीतले. औत हाकले म्हणजे अंग कमावले, असे मानून मल्लाने तालीम सोडलेली नाही. खुरपणीत तासन्‌तास उकिडवे बसावे लागते. हात चालतो, कंबर दुखते, परंतु धावण्याने लागणारा दम त्यात लागत नाही. शिवाय हे काम हंगामी असते. मृगानंतर घाई आणि उन्हाळ्यात रिकामपण.

मुलींच्या बाबतीत आणखी एक फरक पडतो. कमरेवर घागर, काखेत धाकटे भावंड, ही हालचाल मोजली तर पुष्कळ भरेल. पण तिला खेळ म्हणता येणार नाही. मुलगी मोठी होऊ लागताच तिचे खेळणे थांबते, काम मात्र वाढते.

शहराकडे पाहिले तरी हेच दिसते की, हालचाल ठरते ती अंतर, अवजार, पाणी व मोकळी जागा यांवरून. ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने खेड्यातून आलेला विद्यार्थी वर्ग, शिकवणी आणि भाड्याची खोली एवढ्यातच वावरतो, शेतावर कमावलेला काटकपणा तेथे दोन वर्षांत ओसरू शकतो. उलट २०१६ च्या टंचाईत, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा, याच लातूर शहरातील पोरे कळश्या घेऊन फिरत होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वसविलेली गावे पाहावीत. दाटीच्या बोळांऐवजी रुंद रस्ते, दूरदूर मांडलेली घरे. गाव तेच, पण घर ते शाळा हे अंतर बदलले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे, दम लागेल अशी मध्यम ते जोरकस हालचाल करावी. आपल्या वर्गात ती कोणाची होते, हे शिक्षकांस एका आठवड्यात समजू शकेल. मूल शाळेत कसे आले, पाणी किती वेळा आणले, शेतात काय केले, खेळले किती वेळ, एवढे चार प्रश्न रोज हजेरीनंतर विचारून वहीत टिपावेत. वर्गाचे दोन-तीन गट आपोआप दिसतील. चार किलोमीटर चालून आलेल्या मुलास मैदानाच्या फेऱ्या मारावयास लावणे म्हणजे शिक्षाच होय. त्यास लगोरी द्यावी. टाकीवर बसून आलेल्यास मात्र पळवावे. साधनांची अडचण सांगण्याचे कारण नाही: लंगडी, खो-खो, आट्यापाट्या यांस चुन्याच्या वा राखेच्या चार रेघा पुरतात. उन्हाळ्यात ही तासिका सकाळच्या शाळेत सर्वांत आधी ठेवावी, दहानंतर नको. आणि मैदानाचा अर्धा भाग मुलींसाठी आधीच आखून ठेवावा. एरवी मुलांचे क्रिकेट तो पहिल्या पाच मिनिटांतच व्यापते.