दुपार, अपराह्ण आणि ‘आफ्टरनून’

गेल्या माघांत कोरीटास आमच्या ओसरीवर नातू इंग्रजीचा धडा घोकीत बसला होता. घड्याळांत बारा वाजतांच त्यानें पुस्तक मिटलें व ‘गुड आफ्टरनून, आजोबा’ असें आम्हांस म्हटलें. अंगणांतील तुळशीवृंदावनाची सावली मात्र अजून पश्चिमेकडे कललेली होती. आम्हीं ती त्यास दाखविली, तेव्हां तो म्हणाला, “मग आजोबा, खरें कोण? घड्याळ कीं सावली?”

दोन्हीही खरींच. आपली प्रमाण वेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशावरून धरतात, आणि नंदुरबारकडील हा मुलूख ७४ अंशांच्या थोडा पुढें आहे. अंशामागें ४ मिनिटें, या हिशेबानें येथें सूर्य माथ्यावर यावयास सरासरीनें साडेबारा वाजून जातात. त्यांतही फेब्रुवारीच्या मध्यास पाऊण वाजतो, तर नोव्हेंबरच्या आरंभीं सव्वाबारालाच मध्याह्न होतो.

आतां शब्दाकडे वळूं. ‘आफ्टरनून’ म्हणजे ‘नून’नंतरचा काळ. पण ‘नून’ हा मुळांत बाराचा वाचक नव्हेच. लॅटिन भाषेंत ‘नोना’ म्हणजे नववी. रोमन लोक सूर्योदयापासून तास मोजीत. तेव्हां नववा तास म्हणजे आपले सुमारें तीन. पुढें प्रार्थनेच्या व भोजनाच्या वेळा अलीकडे सरकल्या, त्यांबरोबर शब्दही सरकला आणि चौदाव्या शतकापर्यंत बारावर येऊन स्थिरावला. स्पेनमधील वामकुक्षीचें ‘सिएस्ता’ हें नांव मात्र सहाव्या तासावरून, म्हणजे खऱ्या मध्याह्नावरून आलेलें आहे.

आपल्याकडे दिवसाचे पांच भाग करतात : प्रातःकाल, संगव, मध्याह्न, अपराह्ण व सायाह्न. प्रत्येक भाग तीन मुहूर्तांचा, म्हणजे २ तास २४ मिनिटांचा. सूर्योदय सहास धरल्यास मध्याह्न १० वाजून ४८ मिनिटांपासून १ वाजून १२ मिनिटांपर्यंत, व तेथून ३ वाजून ३६ मिनिटांपर्यंत अपराह्ण. म्हणजे रोमन लोकांची ‘नोना’ आपल्या अपराह्णांत पडते. रामनवमीस मध्याह्न आणि श्राद्धास अपराह्ण कां पाहतात, हें घरांतील मुलांस या हिशेबानें सहज समजावितां येईल.

लोकभाषेची मोजणी निराळी, ती प्रहरांची. ‘दुपार’ म्हणजे द्विप्रहर; शेजारच्या गुजरातींतील ‘बपोर’ही तोच. दोन प्रहर संपतात बारास, व तेथून तीनपर्यंत तिसरा प्रहर.

येथेंच आमची चूक सांगणें प्राप्त आहे. आम्ही नवे शिक्षक असतां ‘तो तिसऱ्या प्रहरीं घरीं आला’ हें वाक्य इंग्रजींत करावयास दिलें होतें. एका विद्यार्थ्यानें ‘आफ्टरनून’ लिहिलें. आम्हीं तें खोडून ‘थ्री ओक्लॉक’ केलें व दोन गुण कापले. तो उभा राहून म्हणाला, “गुरुजी, आमची आजी जेवणें झालीं कीं लगेच तिसरा प्रहर म्हणते.” आम्हीं त्यास खालीं बसविलें. त्या दोन गुणांनीं त्याचा पहिला क्रमांक गेला. प्रहर म्हणजे वाजलेला ठोका नव्हे, तीन तासांचा पट्टा होय, हें त्याच्या आजीस ठाऊक होतें. संस्कृत शिकलेल्या आम्हांस तें त्या दिवशीं सुचलें नाहीं.

म्हणून वाचकांस विनंती अशी कीं, मुलांस ‘आफ्टरनून’ अवश्य शिकवावें. पण त्याबरोबर एकदां अंगणांत नेऊन सावली दाखवावी, आणि घरांतील वडीलधाऱ्या बायका वेळेस कोणता शब्द योजतात तेंही विचारावयास सांगावें. तो विद्यार्थी आतां स्वतः आजोबा झाला असेल. हें पान त्याच्या घरीं वाचलें गेलें, तर त्याचे दोन गुण आम्हीं आज परत दिले आहेत, असें त्यानें समजावें.